ताबेपावती आहे, ताबा नाही: उजनीच्या एका धरणग्रस्त कुटुंबाचं प्रकरण

हे प्रकरण करमाळा तालुक्यातल्या एका बुडीत गावातल्या कुटुंबाचं आहे. नावं-गावं मुद्दाम देत नाहीये, कारण थोडा भाग अजून पेंडिंग आहे आणि दोन्हीकडच्या माणसांना पुढे एकाच शिवारात राहायचंय. मी सोलापुरात वकिली करते, पुनर्वसनाच्या बऱ्याच फाईली हाताखालून गेल्यात, आणि त्यात एक गोष्ट सारखी दिसते ती म्हणजे आदेश निघालेला असतो, सही-शिक्का सगळं असतं, आणि रानात मात्र तिसराच माणूस कसत असतो, आणि त्या माणसाचं काय करायचं हे ठरवायची जबाबदारी कुणाचीच नसते. सगळं घोडं अडतं ते तिथेच. या केसमध्ये ते कसं अडलं आणि कसं सुटलं ते सविस्तर लिहिते.

आधी थोडं मागचं. भीमेवरचं उजनी धरण १९८० ला पूर्ण झालं. साठा जवळजवळ ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. पाणी मागे पसरलं ते करमाळा, माढा, इंदापूर, दौंड, कर्जत एवढ्या तालुक्यांत, आणि नदीकाठची काळी कसदार रानं गेली. त्याच पाण्यावर आज जिल्ह्यातला ऊस उभा आहे, सोलापूर शहर तेच पाणी पितं (काही दिवसांआड का होईना). महाराष्ट्राने १९७६ ला पुनर्वसनाचा कायदा केला, मग १९८६ चा आला, मग १९९९ चा. मूळ विचार असा की धरणाचं पाणी ज्यांना मिळणार त्या लाभक्षेत्रातल्या मोठ्या खातेदारांची ठरावीक मर्यादेवरची जमीन सरकारने संपादित करायची आणि ज्यांचं रान बुडालं त्यांना द्यायची. लोक याला 'स्लॅब' म्हणतात. मला हा विचार आजही फार मोलाचा वाटतो, कारण यात जमीन गेली त्याच्या बदल्यात जमीनच, नुसते पैसे हातावर टेकवून वाटेला लावणं नाही.

तर या कुटुंबाची बुडीतात गेलेली जमीन ६ एकर २० गुंठे, विहिरीसकट, शिवाय गावठाणातलं माळवदाचं घर. संपादन १८९४ च्या भूसंपादन कायद्याने झालं. आजोबांनी मोबदला उचलला आणि पर्यायी जमीन हवी म्हणून त्यातली ठरावीक रक्कम परत सरकारजमा केली, लोक तिला सरसकट 'पासष्ट टक्के' म्हणतात. ऐंशीच्या सुमारास त्यांना मोहोळ तालुक्यात, कालव्याखाली, १ हेक्टर ६० आर म्हणजे साधारण ४ एकर जमीन वाटप झाली. सातबाऱ्यावर नाव लागलं, भोगवटादार वर्ग २ म्हणून, म्हणजे परवानगीशिवाय विकता येत नाही. नवीन गावठाणात प्लॉट मिळाला.

ताबेपावती मी स्वतः हातात धरून बघितलीय. पातळ पिवळट कागद, मध्ये घडीवर फाटलेला आणि मागून सेलोटेप लावलेला, आजोबांचा डाव्या अंगठ्याचा ठसा, दोन पंचांच्या सह्या, आणि मजकूर असा की सदर जमिनीचा 'प्रत्यक्ष जागेवर' ताबा दिला. त्यावर चतुःसीमा लिहायच्या चार ओळी होत्या आणि त्या चारही ओळी कोऱ्या होत्या. पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, काहीच नाही. म्हणजे जागेवर कुणी गेलंच नव्हतं, चावडीत बसून अंगठा घेतला. नंतर मी इतर फाईलीत पण मुद्दाम हेच बघायला लागले, चतुःसीमा कोऱ्या असतील तर मोजणी झालेली नाही हे जवळजवळ पक्कं धरून चालायचं.

आजोबा ताबा घ्यायला गेले तेव्हा मूळ जमीनमालकाने हाकलून दिलं आणि लगेच कोर्टातून स्टे आणला. ते म्हणणार आमची जमीन चुकीच्या हिशोबाने स्लॅबमध्ये धरली. त्यांचंही रान जात होतं, कोर्टात जायचा त्यांना हक्क होताच. पण या कुटुंबाकडे ना जुनं रान, ना नवीन. काही महिने नातेवाईकांकडे काढले आणि मग सोलापुरात आले, अक्कलकोट रोडला भाड्याची खोली, आजोबा आणि मोठा मुलगा यंत्रमागावर, आज्जी विड्या वळायला. टॉवेलच्या कारखान्यात आता नातू आहे. तीन पिढ्या शहरात गेल्या, पण आज्जींच्या रेशन कार्डावर गाव विचारलं की त्या अजून बुडालेल्या गावाचंच नाव सांगतात.

आज्जी पहिल्यांदा आल्या तेव्हा प्लास्टिकची पिशवी टेबलावर ठेवून एवढंच म्हणाल्या, "पोरी, कागद हाय माझ्याकडं, पन रान कुटं हाय ते तेवडं सांग."

मध्ये त्यांना एका कार्यालयात कुणीतरी सांगितलं होतं की तुम्ही आता शहरात स्थायिक झालात, घरकुलाचा अर्ज करा, जमिनीचा नाद सोडा. सोलापुरात हे वाक्य पटकन तोंडात येतं, कारण इथे कामगारांच्या घरांचं मोठं काम झालंय, विडी कामगार बायकांची कुंभारीची वसाहत झाली, रे नगरची १५ हजार घरं जानेवारी २०२४ मध्ये लोकांना मिळाली, आणि ते सगळं लढून मिळवलेलं आहे, त्याचा मला अभिमान आहे. पण घरकुल ही गरिबाला मिळणारी मदत आहे, आणि या बाईंचं जे आहे ते देणं आहे, त्यांच्याकडून घेतलेल्याची परतफेड. दोन्ही एकाच बाईला लागू पडू शकतं, एक दिलं म्हणून दुसरं फिटत नाही.

विस्थापितांच्या घर-जमिनीबद्दल जगभर वापरली जाणारी २००५ ची पिनेरो तत्त्वं आहेत, संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार उपआयोगाने मान्य केलेली, एकूण २३. ती मुख्यतः युद्धातून, दंगलीतून पळावं लागलेल्या लोकांसाठी आहेत आणि ज्यांना बेकायदा किंवा मनमानी घालवलं त्यांच्यासाठी, त्यामुळे धरणग्रस्तांना ती जशीच्या तशी लागू आहेत असं मी म्हणणार नाही. पण त्यातला क्रम कामाचा आहे. आधी मूळचं घर-जमीन परत, आणि परत देणं खरोखरच अशक्य असेल तरच भरपाई. इथे मूळ रान पाण्याखाली आहे, ते परत देणं अशक्यच. उन्हाळ्यात उजनी मायनसमध्ये, म्हणजे मृतसाठ्यात, गेलं की थोडे दिवस उघडं पडतं तेवढंच, २०२४ ला तर पाणी इतकं आटलं की नातवाने आज्जीला नेऊन जुन्या विहिरीचं कठडं दाखवलं. म्हणून पर्यायी जमीन हेच या कुटुंबाच्या बाबतीत 'परत देणं' आहे, आणि ते झालेलं नाही, कागदावर झालंय.

आता फाईल. कार्यालयातल्या फाईलवर शेरा होता 'न्यायप्रविष्ट'. जेव्हा जेव्हा या घरातलं कुणी गेलं तेव्हा हेच उत्तर, मॅटर कोर्टात आहे, निकाल लागला की या. आधी आजोबा जायचे, नंतर मोठा मुलगा जायचा, मग नातू जायला लागला, शेरा तोच. मी म्हटलं बघू तरी कोर्टात नक्की काय चाललंय. दाव्याचा नंबर एका जुन्या नोटिशीवर अर्धवट दिसत होता, त्यावरून रेकॉर्ड रूममध्ये शोध घेतला, तिथल्या एका कारकुनाने मनापासून मदत केली, आणि निघालं असं की तो दावा नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच फेटाळला गेला होता. दावा गेला तसा स्टेही गेला. पुढे अपील नाही. म्हणजे पंचवीस वर्षांहून जास्त काळ जमीन कायद्याने पूर्ण मोकळी होती आणि फाईलीवर मात्र न्यायप्रविष्ट. सरकारी वकिलाने निकाल कळवला नसेल, कळवला असेल तर टपाल फाईलीला लागलं नसेल, कुठल्या टेबलावर चुकलं हे आता शोधून उपयोग नाही. पण सर्टिफाईड कॉपी अर्जाला जोडली तेव्हा तो शेरा निघाला, आणि इतकी वर्षं न हललेली फाईल पुढच्या टेबलावर गेली. माझं ठाम म्हणणं आहे की पुनर्वसनाच्या प्रत्येक फाईलीवरचा 'न्यायप्रविष्ट' शेरा दर वर्षी कोर्टाच्या रेकॉर्डशी ताडून बघायची सक्ती पाहिजे, आता तर केस स्टेटस ऑनलाईन दिसतं, पाच मिनिटांचं काम आहे.

मग वारसांची भानगड. आजोबा वारल्यावर वारस नोंद झालेली ती फक्त दोन मुलांची. आज्जीचं नाव नाही, दोन मुलींचं नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने विधवा बायको आणि मुली पहिल्याच वर्गातल्या वारस आहेत, पण तलाठ्याकडे गेलं कोण तर मुलं, आणि त्यांनी स्वतःची नावं सांगितली, दुष्टपणा असेलच असं नाही, पद्धतच तशी पडलेली. मी अट घातली की आधी फेरफार दुरुस्त, मग पुढचं. घरात थोडी कुरबुर झाली. धाकटा मुलगा म्हणाला, "बहिणी मागत नाहीयेत, तुम्ही कशाला काढताय." थोरली बहीण तिथेच बसली होती, ती म्हणाली, "मागितलं नाही म्हणजे नको असं नाही दादा, बाप माझा पण होता की." त्यावर तो काही बोलला नाही आणि आठवड्यात सही करून दिली. हे लिहिलं कारण विस्थापनात बायकांचं नाव दोनदा पुसलं जातं, एकदा जमीन जाताना, कारण मोबदला पुरुषाच्या हातात, आणि एकदा परत मिळताना.

आता मुख्य अडचण, रानात कोण आहे. मूळ जमीनमालकाचं कुटुंब कधीच पुण्याला गेलेलं. जमीन कसत होता त्यांचा जुना वाटेकरी, मी त्यांना मामा म्हणते. भूमिहीन माणूस. मालकाने तोंडी सांगितलं 'कर तू', आणि मामा तीस वर्षांपेक्षा जास्त करतायत, दोन एकर ऊस, बाकी ज्वारी-तूर, बांधाला पत्र्याचं घर, स्वतःच्या पैशाने केलेली पाईपलाईन. सातबाऱ्यावर त्यांचं नाव कुठेच नाही. कुळकायद्याचा आधार नाही, कारण जमीन तोवर सरकारकडे गेलेली आणि देणारा मालक राहिलेलाच नव्हता. त्यांच्या वकिलाने प्रतिकूल कब्जा काढला, म्हणजे बारा वर्षं उघडपणे कब्जा आहे म्हणून जमीन आता त्यांचीच. ते टिकणारं नव्हतं, ज्याला स्वतःचाच हक्क उरला नाही त्याच्या परवानगीने बसलेला माणूस खऱ्या मालकाच्या विरोधात उघडपणे हक्क सांगत होता असं दाखवावं लागतं, आणि मामा स्वतः सगळ्यांना सांगत फिरायचे की जमीन जुन्या मालकाची आहे.

म्हणजे कायद्याने आमची बाजू भक्कम. पोलीस बंदोबस्त मागून ताबा घेता आला असता. मी तो मागितला नाही, यावर काही सहकाऱ्यांशी माझा वाद झाला, अजूनही आहे.

का नाही मागितला त्याचं कारण बोस्नियाच्या अनुभवात आहे. तिथे १९९२ ते ९५ च्या युद्धात निम्म्याहून जास्त लोकसंख्या, सुमारे २२ लाख माणसं घरं सोडून पळाली. युद्ध संपवणाऱ्या डेटन कराराच्या सातव्या परिशिष्टात प्रत्येकाला आपलं घर परत मिळण्याचा हक्क लिहिला गेला. पण पहिली काही वर्षं फार कमी घरं परत गेली, कारण त्या घरात दुसरी विस्थापित कुटुंबं राहत होती, कुणाचं घर जळालेलं, कुणाला परत जायची भीती, आणि स्थानिक अधिकारी त्यांनाच पुढे करून दावे अडवत होते. १९९९ नंतर सूत्रं बदलली. दावे आले त्या क्रमाने निकाली काढायचे, कुणाची ओळख चालणार नाही. राहणाऱ्याचं स्वतःचं घर दुसरीकडे आहे का ते तपासायचं, असेल तर त्याने निघायचं. खरोखरच कुठे जायला जागा नसेल तर त्याला पर्यायी निवारा द्यायचा, पण तो दिला नाही म्हणून मूळ मालकाचं घर अडकवून ठेवायचं नाही. जे अधिकारी अडवत राहिले त्यांना पदावरून काढलं. साधारण दोन लाख दावे होते आणि २००४ पर्यंत त्यातले नव्वद टक्क्यांहून जास्त निकाली निघाले. घरं परत मिळालेले सगळे तिथे राहायला गेले असं झालं नाही, बऱ्याच जणांनी विकून दुसरीकडे बस्तान बसवलं, पण काय करायचं ते त्यांनी ठरवलं.

उलट बाजू सायप्रसची. १९७४ ला बेटाचे दोन भाग झाले, उत्तरेतून आलेल्या लोकांची घरं तिकडे राहिली. १९९६ ला युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने एका बाईंच्या केसमध्ये सांगितलं की तुमची मालकी अजून शाबूत आहे. आणि २०१० ला त्याच न्यायालयाने दुसऱ्या प्रकरणात सांगितलं की पस्तीस वर्षं गेलीत, आता तिथे राहणाऱ्यांचाही विचार करावा लागेल, सरसकट परत देता येणार नाही. दोन्ही निर्णय वाचले की कळतं, उशीर हा विस्थापितांच्या विरोधातला पुरावा होत जातो. मामांच्या वकिलाचा युक्तिवाद शेवटी तोच होता, इतकी वर्षं झाली.

म्हणून ठरवलं की हक्कावर तडजोड नाही आणि माणसावर जबरदस्ती नाही. आज्जी, नातू, मी आणि मामा त्यांच्या पत्र्याच्या घराबाहेर बसलो. मामा चिडलेले होते, म्हणाले, "तुमी कागद घेऊन आलाव, मी घाम गाळलाय हितं." आज्जी म्हणाल्या, "आमचं बी रान घामाचंच हुतं दादा, ते पान्यात गेलं, तुमच्यावर राग न्हाई." बराच वेळ इकडचं तिकडचं निघालं, उजनी भरलं त्या वर्षीच्या गोष्टी निघाल्या, मामा तेव्हा कालव्याच्या खोदाईवर मजूर होते असं समजलं, आणि मग व्यवहाराचं बोलणं सुरू झालं.

ठरलं ते असं. उभा ऊस मामांचा, तुटून कारखान्याला गेल्यावरच ताबा, खोडवा (तोडीनंतर त्याच बुडख्यातून येणारा पुढचा ऊस) ठेवायचा नाही. पाईपलाईनचे पैसे कुटुंबाने द्यायचे, किंमत गावातल्या दोघांनी ठरवायची. घराची जागा त्यांच्या नावावर करून द्यावी असं नातवाच्या मनात होतं, पण वर्ग २ ची जमीन, तसं करता येत नाही आणि केलं तर वाटपच धोक्यात येतं, ते मी स्पष्ट सांगितलं. म्हणून मामांचा घरकुलाचा अर्ज आणि जागा खरेदीसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतला अर्ज असं दोन्ही आम्हीच भरून पाठपुरावा केला, आणि जागा मिळेपर्यंत पत्र्याचं घर आहे तिथे राहू द्यायचं हे लेखी दिलं, मुदतीसकट. सगळं स्टॅम्प पेपरवर, आणि त्याची प्रत अर्जासोबत कार्यालयात, म्हणजे उद्या कुणी 'वाद आहे' असा शेरा मारायला नको.

मोजणीच्या दिवशी भूकरमापक मशीन घेऊन आले. आधी गट नंबरचा जुना दगड शोधला, तो बांधात घाणेरीच्या जाळीत पार बुडालेला, मामांनीच कोयत्याने साफ करून दाखवला, कारण तो कुठे आहे हे फक्त त्यांनाच माहिती होतं. तिथून खुणा टाकत गेले, चुना पडत गेला, खोडक्यांमधून पांढरी रेघ, आणि दक्षिणेच्या टोकाला ती रेघ सरळ चारीत उतरली. वाटप झाल्यानंतर कधीतरी कालव्याची चारी त्या बाजूने काढलेली आणि तिचं क्षेत्र सातबाऱ्यातून वजाच केलं नव्हतं. हातात आली १ हेक्टर ३२ आर. २८ आर कमी. पंचनाम्यात हे जसंच्या तसं लिहून घेतलं, भूकरमापक म्हणत होते वेगळा अर्ज करा, पण पंचनाम्यात नसेल तर वेगळ्या अर्जाला आधार काय राहणार, म्हणून आम्ही अडून बसलो आणि त्यांनी लिहिलं. यावेळी ताबेपावतीवर चारही चतुःसीमा भरल्या, आणि आज्जी, दोन मुलं, दोन मुली असे पाच अंगठे-सह्या झाल्या.

पहिल्या वर्षी ज्वारी घेतली. नातू अजून कारखान्यातच आहे, आठवड्याला जाऊन येऊन करतो, आणि निम्मं रान मामाच वाट्याने बघतात, या वेळी मात्र लेखी आणि वर्षाच्या मुदतीने. मामांच्या घरकुलाचा पहिला हप्ता आलाय. थोरल्या मुलीला तिचा हिस्सा वेगळा करून हवाय, तिचा अर्ज वेगळा चालू आहे.

२८ आरचं पेंडिंग आहे. मागणी दोन भागांत केलीय, जमेल तर त्याच गावात किंवा शेजारच्या शिवारात शिल्लक स्लॅबची जमीन, आणि नसेल तर चारीच्या क्षेत्राचं रीतसर संपादन दाखवून आजच्या भूसंपादन कायद्याने, म्हणजे २०१३ च्या, मोबदला. सुनावणीची तारीख लागलीय.

ज्यांच्या घरात अशी ताबेपावती आहे त्यांनी सोबत एवढं काढून ठेवा: निवाड्याची (संपादनाच्या मोबदल्याच्या आदेशाची) प्रत, बुडीत गावचा जुना सातबारा आणि आठ-अ, रक्कम भरल्याचं चलन, वाटप आदेश, आणि फाईलीवर कोर्टाचा शेरा असेल तर दाव्याचा नंबर. निवाडा सापडत नसेल तर १८९४ च्या कायद्याच्या कलम १२(२) ची नोटीस पण चालते, त्यावर निवाड्याचा नंबर असतो. आणि सातबारा काढताना सगळ्या वारसांची नावं आहेत का ते आधी बघा, मोजणीचा अर्ज त्यानंतर.